केवडा पडलेल्या भेंडीच्या पानात नेमके काय बदलते?

मुरबाड तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, भातकापणीनंतर अर्ध्या एकरात लावलेली त्यांची भेंडी पस्तिसाव्या दिवसापासून पिवळी पडू लागली. दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्ये दोनदा आणि युरियासोबत मॅग्नेशियम सल्फेट एकदा फवारले, तरी पाने हिरवी झाली नाहीत. विषाणू पानाचे नेमके काय करतो आणि खत देऊनही पान का सुधारत नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न. त्यांची मुलगी ठाण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र शिकते. तिने प्रकल्पासाठी हाच विषय घ्यावा का, हा दुसरा. ठाण्यात पान आणि माती तपासणीचे काम मी गेली सव्वीस वर्षे करतो आहे आणि दरवर्षी डिसेंबर ते मार्च या काळात मुरबाड-शहापूरकडून माझ्याकडे येणाऱ्या पानांत पिवळ्या भेंडीचा वाटा सर्वांत मोठा असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रातील पान उजेडासमोर धरलेले आहे, हे फार चांगले झाले. त्यात शिरा पिवळ्या आहेत आणि शिरांमधला भाग अजून हिरवा आहे; जणू हिरव्या कापडावर पिवळ्या दोऱ्याची जाळी विणली आहे. लोहाची कमतरता असती तर चित्र बरोबर उलटे दिसले असते, म्हणजे शिरा हिरव्या राहिल्या असत्या आणि मधला भाग पिवळा पडला असता. नत्राची कमतरता असती तर आधी खालची जुनी पाने सरसकट फिकी झाली असती आणि शेंडा हिरवा राहिला असता, कारण झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना देते. मॅग्नेशियम कमी पडले तरी सुरुवात खालच्याच पानांपासून आणि शिरांच्या मधल्या भागातून होते. तुमच्याकडे सुरुवात शेंड्याकडून आणि शिरांतून झाली आहे. हा केवडा आहे, म्हणजे ज्याला पुस्तकांत यलो व्हेन मोझॅक म्हणतात तो रोग. काही भागांत त्यालाच हळद्या म्हणतात. काकडी-दोडक्यावरच्या ज्या रोगालाही आपण केवडा म्हणतो तो बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. नाव एक असल्यामुळे त्या रोगाचे बुरशीनाशक भेंडीवर फवारलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

भेंडीवरच्या या रोगाची नोंद सर्वप्रथम १९२४ साली आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातून झाली आणि तो विषाणूमुळे होतो हे १९४० साली सिद्ध झाले. हा विषाणू पांढऱ्या माशीच्या सोंडेतून थेट पानाच्या अन्नवाहिन्यांमध्ये सोडला जातो. त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर सुमारे २७०० अक्षरांचा, आणि त्याच्यासोबत फिरणारा, साधारण त्याच्या निम्म्या लांबीचा एक उपग्रह डीएनए, म्हणजे मुख्य विषाणूच्या आधारानेच वाढणारा जोड-तुकडा, असतो. एवढ्या तुटपुंज्या मजकुरात स्वतःचे कारखाने उभारण्याची सोय नसते, म्हणून तो पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि झाडाचीच यंत्रणा स्वतःच्या कामाला लावतो. तो अन्नवाहिन्यांच्या आसपास राहतो म्हणून पिवळेपणा शिरांपासून सुरू होतो, आणि लागण जुनी झाल्यावर शिरा जाड होऊन सगळे पान पिवळे, शेवटी जवळजवळ दुधाळ होते.

आता हरितद्रव्याकडे येऊ. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, आणि यावरूनच ‘पान पिवळे, तर मॅग्नेशियम द्या’ हा सल्ला जन्माला येतो. विषाणू लागलेल्या पानात मात्र तुटवडा मॅग्नेशियमचा नसतो. हरितलवकांना, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्य असलेल्या घटकांना, लागणारी बहुतेक प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून तयार होतात, आणि लागण झाल्यावर ही जनुकेच मंदावतात. त्यामुळे हरितद्रव्य नवे कमी बनते, जुने मोडण्याचा वेग वाढतो आणि हरितलवकांची आतली पडद्यांची रचना विस्कटते. पिवळे दिसणारे कॅरोटिनॉइड हे रंग पानात आधीपासूनच असतात. हिरवा थर पातळ झाला की ते वर दिसू लागतात. गवंडीच कामावर येत नसेल तर अंगणात विटांचा ढीग वाढवून भिंत उभी राहत नाही, तसे हे आहे. ज्या पेशींत हरितलवक घडण्याची प्रक्रियाच बिघडली आहे तिथे लोह, जस्त, मॅग्नेशियम कितीही पोचवले तरी ते वापरले जात नाही.

इथे माझी एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत शहापूरकडच्या एका शेतकऱ्याने पिवळ्या भेंडीची पाने पिशवीत भरून आणली होती. मी शेत पाहिले नाही, पान उजेडासमोर धरले नाही, थेट पृथक्करण केले. लोह सीमारेषेवर आले आणि मी फेरस सल्फेट लिहून दिले. तीन फवारण्यांत तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत सुरुवातीची दहा-पंधरा रोगट झाडे उपटली असती तर बाकीचा प्लॉट बराचसा वाचला असता. तेव्हापासून पान यंत्रात जाण्याआधी मी ते खिडकीशी नेऊन पाहतो. रोगट पानातले अन्नद्रव्यांचे आकडे तसेही फसवे असतात. पानाची वाढ खुंटली की तेवढेच लोह कमी वजनात मोजले जाते आणि टक्केवारी वाढलेली दिसते, तर पानात पिष्ट साचले की वजन वाढून तीच टक्केवारी उतरते. म्हणून रोगट आणि निरोगी पानांची तुलना करताना केवळ कोरड्या वजनावरच्या आकड्यावर विसंबू नये. पानाच्या क्षेत्रफळानुसारही हिशेब करावा.

साखर आणि पिष्ट हा या सगळ्यातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण तो समजला की पिवळे पान उपाशी आहे हा समज गळून पडतो. निरोगी पान दिवसभर साखर बनवते, त्यातली काही लगेच अन्नवाहिन्यांतून फळांकडे आणि मुळांकडे पाठवते आणि उरलेली पिष्टाच्या रूपात साठवून रात्री हळूहळू पाठवत राहते. पहाटेपर्यंत गोदाम बव्हंशी रिकामे झालेले असते. अन्नवाहिन्यांत ठाण मांडणारा विषाणू ही वाहतूकच अडवतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बटाट्याच्या पाने गुंडाळणाऱ्या विषाणूचे आहे: त्यात खालची पाने पिष्टाने इतकी भरतात की ती चामड्यासारखी जाड होतात आणि मुठीत दाबली तर कडकड वाजतात, तर जमिनीखाली बटाटा मात्र लहान राहतो. पानात साखर तुंबली की झाडाला ‘माल भरपूर आहे’ असा चुकीचा निरोप मिळतो आणि प्रकाशसंश्लेषणाची जनुके आणखी मंदावतात. एका बाजूला श्वसन वाढलेले, दुसऱ्या बाजूला उत्पादन घटलेले आणि जे तयार झाले तेही अडकलेले. फळ बारीक, राठ आणि फिकट निघते ते यामुळे, आणि वाशीच्या बाजारात अशा मालाला काय दर मिळतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे घरच्या घरी पाहता येते, आणि तुमच्या मुलीने सुरुवात इथूनच करावी. एक पान संध्याकाळी पाचच्या सुमारास आणि त्याच वयाचे दुसरे पान पहाटे उजाडण्यापूर्वी तोडा; रोगट आणि निरोगी अशा दोन्ही झाडांवरची घ्या. पान मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. भेंडीचे पान असल्यामुळे पाणी बुळबुळीत होईल, ते फेकून द्या. नंतर पान स्पिरिटच्या लहान भांड्यात घालून ते भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. त्याआधी गॅस पूर्ण बंद झालेला असला पाहिजे, कारण स्पिरिटची वाफ पेट घेते. दहा-पंधरा मिनिटांत स्पिरिट हिरवे होते आणि पान पांढुरके, ठिसूळ होते; कोमट पाण्यात धरले की ते पुन्हा मऊ पडते. आता ते पांढऱ्या बशीत पसरून त्यावर पातळ आयोडीनचे थेंब सोडा. जिथे पिष्ट आहे तिथे निळसर काळा रंग चढतो, जिथे नाही तिथे आयोडीनचाच तपकिरी रंग राहतो. मोझॅक पडलेल्या पानात हा रंग सारखा न चढता ठिपक्या-पट्ट्यांत चढतो, आणि संध्याकाळचे व पहाटेचे चित्र एकमेकांपासून वेगळे असते. पिवळ्या भागात दिवसा पिष्ट कमी बनते म्हणून संध्याकाळी तो फिका दिसू शकतो, आणि वाहतूक अडल्यामुळे पहाटे निरोगी पान रिकामे झालेले असताना रोगट पानात पिष्ट उरलेले सापडू शकते. केवळ एका वेळचे पान पाहून निष्कर्ष काढणाऱ्यांची फसगत होते ती याचमुळे. विषाणूच्या लागणीची जागा आयोडीनने शोधण्याची ही पद्धत १९३१ सालापासून वापरात आहे आणि आजही तिच्याइतके स्वस्त साधन दुसरे नाही.

नत्राच्या बाबतीतही पानाचा कारभार बदलतो. विषाणूला स्वतःची प्रथिने बांधायला अमिनो आम्ले लागतात आणि ती तो झाडाच्या प्रथिनांतून व नव्या पुरवठ्यातून मिळवतो. तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा एक कण ३०० नॅनोमीटर लांब असतो आणि त्यात एकाच प्रकारच्या प्रथिनाचे २१३० तुकडे असतात. लागण भरात असताना एक किलो पानांतून ग्रॅममध्ये मोजण्याइतका विषाणू काढता येतो. १९३५ साली या विषाणूचे स्फटिक मिळवता आले ते त्याच्या या विपुलतेमुळे. भेंडीचा विषाणू एवढा साचत नाही, पण दिशा तीच असते: मुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण बदलते आणि ताणाखालच्या झाडांत वाढणारे प्रोलिन हे अमिनो आम्ल वाढते. अशा वेळी युरिया दिल्यास कोवळी, रसाळ पालवी फुटते आणि पांढरी माशी नेमकी तीच शोधत असते. युरियाची फवारणी थांबवा, हे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो.

झाड स्वस्थ बसत नाही. फिनाइलअ‍ॅलानिन या अमिनो आम्लापासून सुरू होणारी एक वाट आहे. तिच्यावरून झाड फिनॉलवर्गीय पदार्थ, लिग्निन आणि सॅलिसिलिक आम्ल (अ‍ॅस्पिरिन याच आम्लापासून बनवतात) तयार करते. लागण झाल्यावर या वाटेवरची वाहतूक वाढते. सोबत पेरॉक्सिडेज आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज ही विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. १९७९ साली इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानांत अ‍ॅस्पिरिन टोचल्यावर मोझॅकला होणारा प्रतिकार वाढल्याचे दिसले, आणि १९९० साली हे स्पष्ट झाले की प्रतिकारक्षम तंबाखूत लागणीनंतर सॅलिसिलिक आम्ल आपोआप वाढते. त्यावरून काही जण भेंडीवर अ‍ॅस्पिरिन विरघळवून फवारतात. त्यांना माझे सांगणे असे की हा उपचार लागणीपूर्वी झाडाला सावध करणारा आहे. पिवळ्या झालेल्या पानाला तो बरे करत नाही, आणि प्रमाण चुकले तर पाने करपतात. काही जण ताक फवारतात, त्याचेही तसेच आहे. दुधातल्या प्रथिनांमुळे हाताला लागलेला तंबाखूचा मोझॅक विषाणू निष्प्रभ होतो, म्हणून रोपे हाताळताना दुधात हात बुडवण्याची पद्धत हरितगृहांत आहे. भेंडीचा केवडा हाताच्या स्पर्शाने पसरत नाही, माशी तो थेट अन्नवाहिनीत सोडते. तिथे पानावर पडलेले ताक पोचत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ‘रोगट पानात फिनॉल वाढले, म्हणजे प्रतिकार वाढला’ असे वाक्य सर्रास असते. ते मला मान्य नाही. फिनॉल वाढूनही झाड हरलेले असू शकते. वाढ किती लवकर झाली, लागणीच्या दुसऱ्या दिवशी की विसाव्या, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

पानाचे बदललेले रसायन कीटकालाही चालवते, आणि या विषयाची खरी गोडी मला यातच वाटते. काकडीवरचा मोझॅक विषाणू मावा काही सेकंदांत उचलतो आणि तितक्याच लवकर गमावतो. त्याला हवे असते की माव्याने पानाची चव घ्यावी आणि ताबडतोब दुसरीकडे उडावे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, भोपळ्याच्या जातीवरील अमेरिकी प्रयोगात नेमके हेच दिसले: रोगट झाडाचा वास माव्याला अधिक ओढतो, पण रस चाखल्यावर तो तिथे रमत नाही, निघून जातो. बटाट्याच्या पाने गुंडाळणाऱ्या विषाणूला याच्या उलट हवे असते, कारण तो माव्याच्या अंगात जायला बराच वेळ सलग रसशोषण व्हावे लागते. तिथे रोगट झाड माव्याला बोलावतेही आणि ठेवूनही घेते. भेंडीचा केवडा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याच्या जवळच्या नात्यातल्या, टोमॅटोवरच्या एका चिनी विषाणूच्या अभ्यासात असे आढळले की उपग्रह डीएनएवरून तयार होणारे एक लहानसे प्रथिन झाडाची जास्मोनिक आम्लावर चालणारी कीडविरोधी यंत्रणा दाबून टाकते, किडीला नकोसे असलेले टर्पिनवर्गीय पदार्थ कमी करते आणि मग त्या झाडावर पांढरी माशी अधिक चांगली वाढते. पिवळा रंग माशीला मुळातच ओढतो; आपण शेतात पिवळे चिकट सापळे लावतो ते याच आधारावर. म्हणजे तुमच्या प्लॉटमधले प्रत्येक पिवळे झाड उत्पन्न तर देत नाहीच, शिवाय माशीसाठी खाणावळ चालवते.

यातून प्रत्यक्ष काय करायचे ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. निम्म्याहून कमी झाडे पिवळी असतील तर सकाळी माश्या सुस्त असताना रोगट झाडे उपटा, बांधावर न टाकता लगेच पुरा किंवा जाळा. बांधावरची रानभेंडी आणि त्या कुळातली तणे काढा. चिकट सापळे पिकाच्या उंचीला लावा आणि उंची वाढेल तसे वर सरकवा. कीटकनाशक तुमच्या भागातल्या कृषी विद्यापीठाच्या चालू शिफारशीनुसारच आणि गट बदलून घ्या; तोडणीच्या आधी किती दिवस थांबायचे हे डब्यावर वाचा. पुढच्या हंगामासाठी वाणाचा विचार आत्तापासून करा. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे वाण रानभेंडीशी संकर करून याच रोगासाठी तयार झाले, परंतु विषाणूही बदलत राहिला आणि अनेक ठिकाणी त्यांची सहनशीलता पूर्वीइतकी राहिलेली नाही. म्हणून ‘प्रतिकारक्षम’ ही पाटीवरची अक्षरे पाहून घेऊ नका, शेजारच्या गावात गेल्या वर्षी कोणता वाण शेवटच्या तोडणीपर्यंत हिरवा राहिला ते विचारून घ्या. पिवळट भेंडी घरी खाल्ली तर चालते का, असेही अनेक जण विचारतात. चालते, वनस्पतींचे विषाणू माणसाला लागत नाहीत.

मुलीच्या प्रकल्पाबाबत माझे उत्तर निःसंशय होकाराचे आहे. आयोडीनच्या चाचणीसोबत तिने हरितद्रव्य मोजावे. शंभर मिलिग्रॅम ताजे पान ८० टक्के थंड अ‍ॅसिटोनमध्ये मंद उजेडात वाटायचे, द्रावण १० मिलिलिटर करायचे आणि वर्णमापकावर (स्पेक्ट्रोफोटोमीटरवर) ६४५ व ६६३ नॅनोमीटरला वाचायचे. पहिल्या वाचनाला २०.२ ने आणि दुसऱ्याला ८.०२ ने गुणून बेरीज केली की एका लिटरमागे मिलिग्रॅममध्ये एकूण हरितद्रव्य मिळते. भेंडीत एक अडचण हमखास येते: पानातला बुळबुळीत पदार्थ अ‍ॅसिटोनमध्ये साखळून धाग्यांसारखा वर येतो आणि द्रावण गढूळ होते. गढूळ द्रावणाचे वाचन खोटे, वाढीव येते. म्हणून द्रावण सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवून गाळ तळाशी बसवून, वरचे निवळ तेवढेच घ्यावे, आणि खातरजमेसाठी ७५० नॅनोमीटरला वाचून पाहावे. तिथे वाचन जवळजवळ शून्य यायला हवे.

पाने आणताना शेंड्यापासून तिसरे पान, प्रत्येक झाडावरचे तेच, असा नियम ठेवा. रोगट दहा आणि निरोगी दहा झाडे निवडा आणि निरोगी झाडे त्याच सरीतली असू द्या. पाने ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली तर कल्याणला एसटीतून उतरेपर्यंत ती घामेजून काळी पडतात आणि हरितद्रव्य वाटेतच मोडू लागते. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि पाने यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवा, आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने झाडाचा क्रमांक, तोडल्याची तारीख आणि तोडल्याची वेळ लिहा.